मावशीकडचा रस्ता आणि गाडीतला गरम वारा

निघायच्या आदल्या रात्री टायरमधली हवा, इंजिन ऑइल, कूलंट, वायपरचं पाणी सगळं बघून झालं. एसीही पाच मिनिटं लावून बघितला. गार लागला, बंद केला. पण रात्रीच्या गारव्यात उभ्या गाडीत पाच मिनिटं चाललेला एसी भर दुपारबद्दल काहीच सांगत नाही. दुपारी, बाहेर चाळिशीचा पारा असताना, गाडी जागेवर उभी ठेवून वीस मिनिटं चालवला तर खरी परीक्षा होते. ती मी घेतली नव्हती.

गाडी नऊ वर्षांची. एसीत आर-१३४ए गॅस. आई ७४ वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, उन्हाचा तिला फार त्रास होतो. तिला थोरल्या बहिणीला भेटायचं होतं आणि मावशीला आता प्रवास जमत नाही, म्हणून ऐन उन्हाळ्यात निघालो. एसी हा या प्रवासात चैनीचा भाग नव्हता.

पहिला दिवस, ३४० किलोमीटर

पहाटे साडेपाचला निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी धाकटा भाऊ, मागे आई आणि भाची. भाचीला प्रवासात कशाची तरी नोंद ठेवायला आवडतं. मागच्या वेळी तिने वाटेतले पूल मोजले होते. या वेळी तिने स्वयंपाकघरातला सळईचा डिजिटल थर्मामीटर आणला होता. मी म्हटलं, मधल्या जाळीत सळई खोच आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहून ठेव. सहा वाजता ७ अंश, साडेआठला ८. ठणठणीत एसीच्या जाळीतून साधारण ४ ते १० अंशांची हवा येते. बाहेर फार ऊन आणि दमटपणा असेल तर थोडी जास्त.

अकराच्या सुमारास रस्त्याचं काम लागलं. एकेका बाजूची वाहनं सोडत होते. बाहेर ४१ अंश. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि दहा मिनिटांत वहीतले आकडे पळायला लागले: १९, २६, ३१. ब्लोअर जोरात चालू, पण वारा गरम. आईने काही न बोलता रुमाल ओला करून मानेवर ठेवला.

"ताई, गॅस संपला असणार," भाऊ म्हणाला. "पुढे कुठेतरी भरून घेऊ."

तेवढ्यात रांग सुटली. ताशी ८०चा वेग धरला आणि पाच मिनिटांत आकडा १२वर आला, मग ९वर.

"गॅस संपला होता, तर आता परत कुठून आला?" मी विचारलं. भावाकडे उत्तर नव्हतं, आणि मला तो प्रश्न दिवसभर पुरला.

एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात द्रवरूप गॅस कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता शोषून घेतो. आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, म्हणून हे जमतं. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तापवतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. गाडी पळत असते तेव्हा कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. फॅन फिरला नाही तर उष्णता बाहेर जात नाही, दाब चढत जातो, आणि साधारण ३० बारच्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. उभी असताना गरम आणि पळताना गार, असं असेल तर आधी फॅनकडे बघायचं.

पुढे एका मोठ्या झाडाखाली थांबलो. इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट वर. कॉम्प्रेसरच्या क्लचचा, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या भागाचा, 'टक' आवाज स्वच्छ आला आणि पुलीच्या मधली चकती फिरायला लागली, म्हणजे कॉम्प्रेसर कामावर होता. (नव्या पुष्कळ गाड्यांत क्लच नसतो, तिथे या आवाजाची वाट बघू नये. आणि विजेवरच्या गाडीत नारिंगी केबलजवळ हातच नेऊ नये, तिथला कॉम्प्रेसर प्राणघातक व्होल्टेजवर चालतो.) या क्लचचं मला नेहमी कौतुक वाटतं. १९४० सालच्या पॅकार्ड गाड्यांत पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून मिळायला लागला, पण त्यात क्लच नव्हता. एसी बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टाच काढावा लागे.

फॅन मात्र ढिम्म. एसी लावल्यावर आमच्या गाडीत तो लगेच फिरायला हवा. भावाला मी हात मागे ठेवायला सांगितलं, कारण असा थांबलेला फॅन कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही. मग त्याने पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर सावकाश दोन बाटल्या पाणी सोडलं. आतून भाची ओरडली, "आत्या, २८चे १७ झाले!" आता शंका उरली नाही. गॅस होता, कॉम्प्रेसर होता, उष्णतेला बाहेर जायला वाट नव्हती.

इंजिन बंद करून फ्यूज बघितला, तो शाबूत होता. शेजारी फॅनचा रिले, म्हणजे फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच. फ्यूज पेटीच्या झाकणावर नकाशा असतो. त्यावरून हॉर्नचा रिले सापडला आणि दोन्हींवरचा क्रमांक एकच निघाला. अदलाबदल केली, गाडी सुरू केली, एसी लावला. फॅन फिरला. जुन्या रिलेचा एक पाय जळून काळा पडला होता. पुढच्या वस्तीत नवीन रिले मिळेपर्यंत हॉर्न मुका राहिला. पण तोच फॅन रेडिएटरलाही वारा देतो, म्हणून त्याला आधी रिले देणं भाग होतं. फॅन बंद असताना रांगेत तासभर अडकलो असतो तर एसीच्या पाठोपाठ इंजिनही तापलं असतं.

मुक्कामाला पोहोचलो तेव्हा वहीत ९ होतं. आईला झोप चांगली लागली.

दुसरा दिवस, २९० किलोमीटर

सकाळी ७ वाजता १० अंश. कालच्यापेक्षा तीन जास्त. मी मनात नोंद केली, बोलले नाही. दहाला १३, साडेअकराला १७. आणि हे सगळं मोकळ्या रस्त्यावर, चांगल्या वेगात. फॅनही व्यवस्थित फिरत होता. म्हणजे आजचं दुखणं कालचं नव्हतं.

चहूबाजूंना सावली नव्हती, तरी एका भिंतीच्या आडोशाला थांबलो. आई खाली उतरली आणि तिनेच ते बघितलं. "काल थांबलो की गाडीखाली पाणी ठिबकायचं गं. आज कोरडं आहे."

ते पाणी म्हणजे कूलिंग कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं झालेलं दव. ते नळीतून खाली पडतं. पुष्कळ लोक घाबरतात, पण ते एसी काम करत असल्याची खूण असते. कॉइल पुरेशी गार होत नसेल तर दव पडणार नाही आणि जमीन कोरडी राहील. आई गाडीतलं काही जाणत नाही, पण घर चालवणाऱ्या माणसाची नजर काल-आजमधला फरक टिपते.

बॉनेट उघडलं. टक... चार-पाच सेकंद... टक. पुन्हा टक. क्लच लागत होता आणि लगेच सुटत होता. गॅस कमी झाला की असं होतं: कॉम्प्रेसर सुरू होताच ओढायच्या बाजूचा दाब घसरतो, स्विच त्याला थांबवतो, दाब जरा सावरतो, पुन्हा सुरू. हे थांबवणं कॉम्प्रेसरच्या हिताचंच असतं, कारण त्याचं वंगण तेल गॅसबरोबरच नळ्यांतून फिरतं. गॅस नाही तर तेलही परत येत नाही. स्विचच्या वायरी जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते कृपा करून करू नका, तो आतून घासून जातो आणि त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो.

टॉर्चच्या उजेडात कंडेन्सरचे जोड बघितले. खालच्या जोडाभोवतीची धूळ काळपट, ओलसर होऊन बसली होती. बोट लावलं तर चिकट. बाकी सगळी धूळ कोरडी, भुरभुरीत. गॅस दिसत नाही, पण बाहेर पडताना थोडं तेल घेऊन येतो, आणि त्यावर धूळ बसते. जोडातल्या, नऊ वर्षांत कडक झालेल्या रबरी कडीने, म्हणजे ओ-रिंगने, काल रांगेत चढलेल्या दाबापुढे हार खाल्ली असणार, असं मला वाटलं.

"म्हणजे गॅसच!" भाऊ म्हणाला.

"हो. पण संपला नाही, गेला."

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, ऑइलसारखा जुना होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं अगदी थोडा झिरपतो, तेवढंच. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर दर उन्हाळ्यात तो कुठून तरी जातो आहे, आणि ती जागा कुणी शोधत नाहीये.

आमच्या आधीच्या गाडीत तर याहून वाईट झालं. एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला आणि वारा गरमच राहिला. बिघाड गॅसमध्ये नव्हताच. डॅशबोर्डच्या आत एक फ्लॅप असतो, तो गार हवा आणि हीटरची हवा यांचं मिश्रण ठरवतो. त्याची छोटी मोटर मेली होती आणि फ्लॅप हीटरच्या बाजूला अडकला होता. एसी हवा गार करत होता आणि हीटर तीच हवा तापवून आत सोडत होता. ओळखायची खूण किती सोपी होती! एसी चालू असताना बॉनेटखालची, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात शिरणारी एसीची जाड नळी हाताला बर्फासारखी गार आणि ओली लागते, तरी आत गरम वारा येतो. म्हणजे दुखणं आतल्या फ्लॅपचं. तापमानाचं बटण फिरवल्यावर डॅशबोर्डमधून टकटक ऐकू येते, ती त्याच मोटरची. त्या नळीला कुणी हातच लावला नाही. त्या उन्हाळ्यात बाबांचे फार हाल झाले, आणि ते मी विसरू शकत नाही. तेव्हापासून मी एसीबद्दल वाचायला लागले.

आता नळीला हात लावला तर ती जेमतेम थंड होती.

पण आईचा चेहरा लाल झाला होता आणि अजून १६० किलोमीटर जायचं होतं. तिला पाणी पाजलं, काचा उघडून गाडी घेतली. वाटेत पहिलं वर्कशॉप दिसलं तिथे थांबलो. मेकॅनिक म्हणाला, गॅस टाकतो, पंधरा मिनिटांचं काम आहे. जोड दाखवला, तर म्हणाला, ते नंतर बघा. ओ-रिंग त्याच्याकडे नव्हती, व्हॅक्यूम पंपही नव्हता. गळक्या यंत्रात गॅस टाकणं चूक आहे हे मला ठाऊक होतं. हा गॅस हवेत जाऊन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. तरी आईकडे बघून मी हो म्हटलं. एकच अट घातली: गळती बुजवायचं म्हणून मिळणारं औषध त्यात घालायचं नाही. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक झडपेत, अडकू शकतं आणि पुढच्या माणसाचं गॅस काढायचं मशीनही खराब करतं.

चार वाजता ११ अंश. सहाला १४. सात वाजता मावशीच्या दारात पोहोचलो. बहिणी-बहिणी एकमेकींचे हात धरून किती वेळ नुसत्या बसून होत्या.

तिसरा दिवस, वर्कशॉप

सकाळी आकडा ३०. बाहेर तेवढंच तापमान होतं. रात्रभरात भरलेला गॅस निघून गेला.

आईला मावशीकडे ठेवून मी, भाऊ आणि भाची एसीचंच काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेलो. मला काय झालं हे सांगायची गरज फारशी पडली नाही. तिथल्या मेकॅनिकने भाचीची वही मागून घेतली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. "उभी असताना ३१, पळताना ९. रिले बदलल्यावर ठीक. दुसऱ्या दिवशी पळतानाही चढत गेला." मग वर बघून म्हणाला, "निम्मं काम तुम्ही केलंय ताई." ते ऐकून भाचीचा चेहरा जो फुलला!

त्याने इंजिन बंद असतानाच एसीच्या कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंना दाब मोजायचे गेज लावले. दोन्हीकडे ४५ पीएसआय. बाहेर तोवर ३८ अंश झाले होते. आत द्रवरूप गॅस शिल्लक असता तर या तापमानाला सव्वाशेच्या आसपास दाब दिसला असता. ४५ म्हणजे आत थेंबभर द्रव नाही, नुसती वाफ. मात्र दाब सव्वाशे दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं होत नाही, हे त्याने भावाला आवर्जून सांगितलं. थोडा द्रव असो की पुष्कळ, बंद गाडीत दाब तोच दिसतो. तो तापमानावर ठरतो. म्हणून गॅस वजनानेच भरायचा.

उरलेली वाफ त्याने हवेत न सोडता मशीनने ओढून घेतली. मग नायट्रोजन भरला आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. कालच्याच चिकट जोडावर बुडबुडे फुगायला लागले. आम्ही चौघे वाकून ते बघत होतो. दोन दिवस ज्याचा पाठलाग केला तो शेवटी डोळ्यांना दिसला. बाकीचे जोड, कॉम्प्रेसरचा पुढचा सील, भरायच्या व्हॉल्व्हच्या टोप्यांखालची जागा, सगळं तपासलं. तिथे काही नव्हतं.

ओ-रिंग काढली तर ती चपटी झाली होती आणि नखाने तुकडा पडला. नवी हिरवी ओ-रिंग, तेलात बुडवून बसवली. ड्रायर बदलला. ड्रायरमध्ये ओलावा शोषणारे दाणे असतात, आणि यंत्र उघडलं की ते बाहेरच्या हवेतला ओलावा पिऊन निरुपयोगी होतात. जेवढं तेल गेलं असेल तेवढंच नवं तेल घातलं.

मग व्हॅक्यूम पंप, पाऊण तास. हीच पायरी घाईत गाळली जाते. आत हवा राहिली तर ती कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवून दाब वाढवते. पाणी राहिलं तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ होऊन बसतं. मग एसी अर्धा तास गार, मग गरम, थोडं थांबलं की पुन्हा गार असा खेळ सुरू होतो. शिवाय ओलाव्याने आत आम्ल तयार होतं आणि कॉइल खातं. पंपाने हवा काढली की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं, त्याला वेळ द्यावा लागतो. पंप बंद करून त्याने पंधरा मिनिटं काटा बघितला. हलला नाही.

बॉनेटखालच्या स्टिकरवर ४८० ग्रॅम लिहिलं होतं. वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून त्याने बरोबर तेवढा भरला. भाऊ म्हणाला, थोडा जास्त टाका, जास्त गार होईल. मेकॅनिकने मान हलवली. जास्त झाला तर कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, वाफेला गार व्हायला जागा उरत नाही, दाब चढतो आणि वारा उलट कोमट होतो. आर-१३४एच्या जागी दुसरा कुठला गॅस टाकायचा नाही हेही त्यानेच सांगितलं. युरोपात २०१७पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए बंद झाला आणि आर-१२३४वायएफ आला. तो हवामानाला पुष्कळच कमी घातक आहे, पण थोडा ज्वालाग्राही आहे. त्याचे जोड मुद्दाम वेगळ्या मापाचे असतात.

इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर, दारं उघडी, ब्लोअर पूर्ण. कमी दाबाच्या बाजूला ३८ पीएसआय, जास्त दाबाच्या बाजूला २४०. त्याच्या मते अशा उन्हात हे आकडे अगदी हवे तसे होते. भाचीने सळई खोचली: ६.५.

ब्लोअरचा जोर मात्र मला कमी वाटत होता. ग्लोव्हबॉक्समागचं केबिन फिल्टर काढलं तर ते सुकलेला पाला आणि धुळीने लिंपलेलं होतं. ते आम्हीच बदललं, पाच मिनिटांत.

चौथा दिवस, परतीची वाट

निरोप लांबला, म्हणून निघायलाच दहा वाजले. गाडी उन्हात उभी होती. आधी चारही काचा उघडून दोन मिनिटं चालवली, आतली भट्टीसारखी हवा बाहेर जाऊ दिली, मग काचा लावून रिसर्क्युलेशन केलं, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं. त्याने एसीला बाहेरची ४० अंशांची हवा पुन्हा पुन्हा गार करत बसावं लागत नाही.

घाटात एका चढावर आकडा पटकन ८चा १२ झाला. भाचीने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगितलं, मी आत्ता पेडल पूर्ण दाबलं होतं. अशा वेळी पुष्कळ गाड्या इंजिनला जोर मिळावा म्हणून कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडून देतात. चढ संपला, आकडा खाली आला. तिने १२पुढे कंसात 'चढ' असं लिहिलं.

आम्ही एका दिवसात पूर्ण परत येणार नव्हतो, तरी मी मुक्कामाचं ठिकाण पुढे ढकललं. मला दिवस मावळायच्या आत ते रस्त्याचं काम गाठायचं होतं. साडेचारला रांग दिसली. बाहेर अजून ३९. पुढची गाडी थांबली, मी थांबले, हँडब्रेक ओढला. पुढून फॅनची घरघर ऐकू आली.

"८," भाची म्हणाली. पाच मिनिटांनी, "९." मग बराच वेळ ९. वीस मिनिटांनी १०. कुणी काही बोलत नव्हतं. भाऊही मागे वळून थर्मामीटरकडेच बघत होता.

रांग सुटली नव्हती तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अगं, ती जाळी जरा वर कर. थेट गळ्यावर येतोय वारा."

मी हात मागे नेऊन जाळी वर केली. भाचीने वेळ लिहिली, ४:५५, आणि समोर १०.